रिलीव्हर सिस्टर टिकत नाहीत म्हणे!

रिलीव्हर सिस्टर, म्हणजे रजेवर गेलेल्यांच्या जागी वॉर्डावॉर्डांत फिरणाऱ्या परिचारिका, मिळत नाहीत आणि मिळाल्या तरी टिकत नाहीत, अशी खासगी रुग्णालयांची ओरड असते. अशा रुग्णालयांत मी नोकरीची वर्षं काढली, इन्चार्ज म्हणून रोटाही लावला. मुली का पळतात हे वॉर्डातल्या मावशींनाही ठाऊक असतं. एचआरला तेवढं कळत नाही.

भारतीय परिचर्या परिषदेचा निकष बघा. शिकवणाऱ्या रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक परिचारिका, इतरत्र पाचांमागे एक आणि वर रजेसाठी ३० टक्के राखीव. दहा जणी लागत असतील तर तेरा नेमायच्या. बाळंतपण, आजारपण, लग्नकार्य धरूनच ही तरतूद आहे. आमचे मालक आधी त्या वरच्या तीन जणींना कात्री लावतात. मग कोणी रजेवर गेलं की मेडिकल वॉर्डातली पोर उचलून आयसीयूत उभी करायची आणि त्याला ‘फ्लोटिंग’ म्हणायचं.

ही पोर आज हाडांच्या वॉर्डात, उद्या नवजात कक्षात. क्रॅश ट्रॉलीच्या कोणत्या खणात काय आहे, इन्फ्युजन पंप कसा चालतो, कोणते डॉक्टर रात्री दोनला फोन केला की खेकसतात, सगळं तिने मागच्या पाळीकडून ओव्हर घेता घेता शिकायचं. बाळाचा डोस तर वजनावर. दशांश चिन्ह एक घर चुकलं की दसपट औषध जातं, आणि मग मेमो तिलाच. रोटा लावणाऱ्या मेट्रनला नाही, राखीव जागा खाणाऱ्या संचालकाला तर नाहीच. कायमच्या सिस्टरही काही साध्या नसतात, सगळ्यात जड पेशंट पाहुणीच्याच गळ्यात मारतात. ज्या कामाला सर्वांत मुरलेली बाई हवी, तिथे आपण सर्वांत नवखी मुलगी पाठवतो, कारण ती नाही म्हणू शकत नाही.

अमेरिकेतल्या कित्येक रुग्णालयांत अशा नर्सला तासामागे जादा पैसे मिळतात. इथे १२ मे रोजी, परिचारिका दिनाला, गुलाब, समोसा आणि सेवाभावावर भाषण. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून नेमलेल्या समितीने २०१६ मध्येच सांगितलं होतं की दोनशेहून जास्त खाटांच्या खासगी रुग्णालयात पगार सरकारी परिचारिकेइतका हवा आणि पन्नासहून कमी खाटा असल्या तरी महिना २० हजारांच्या खाली नको. किती जणांनी मानलं, ते आपल्या ओळखीच्या एखाद्या सिस्टरला विचारा.

बरं, टिकवायच्या कशा? रिलीव्हरची जागा कायम करा, भत्ता द्या, एकमेकांशी जुळणाऱ्या दोन-तीन वॉर्डांपलीकडे तिला पाठवू नका, नव्या वॉर्डात आधी काही दिवस जोडीने काम करू द्या आणि जे येत नाही त्याला नाही म्हणण्याचा लेखी हक्क द्या. परवडत नसेल तर खाटा कमी करा. सिस्टर नसलेली खाट भाड्याने देणं ही फसवणूक आहे.