नोकरी परदेशी, अटी कुणाच्या?

आमचे मधले काका २०२३ साली दुबईची नोकरी संपवून कायमचे गावी आले. त्यांना उतरवून घ्यायला जयसिंगपूर स्टेशनवर निम्मी गल्ली लोटली होती. पेढे वाटून झाले, आणि रात्री हिशेबाचा कागद निघाला. सहा वर्षांच्या नोकरीची ग्रॅच्युइटी ४०५० दिऱ्हम! महिना २००० दिऱ्हम मिळवणाऱ्याला जेमतेम दोन महिन्यांचा पगार. आजीने कंपनीच्या नावाने बोटे मोडली. पण कंपनीने कायदा मोडलेला नव्हता, आणि हीच खरी गोष्ट आहे.

तिथल्या कायद्याप्रमाणे पहिल्या पाच वर्षांसाठी दरसाल २१ दिवसांचे आणि पुढे दरसाल ३० दिवसांचे वेतन मिळते. पण ते मूळ वेतन. काकांचे मूळ वेतन होते ९००. उरलेले ११०० भत्ते म्हणून दाखवलेले. सगळा पगार मूळ धरला असता तर हाती ९००० आले असते. करारपत्र सहा वर्षे काकांच्याच ट्रंकेत होते. आम्हा शिकल्यासवरल्यांपैकी एकानेही ते उघडून पाहिले नाही, याची आता लाज वाटते.

नवल असे की, आपल्या शिरोळ तालुक्यात उसाच्या बाबतीत कुणी असा फसत नाही. एफआरपीचा आकडा जाहीर झाला की उतारा किती धरला, तोडणी-वाहतूक किती कापणार, हे प्रश्न चहाच्या टपरीवरच सुरू होतात. ऊस परिषदेच्या गावचा शेतकरी तो! पण तोच मनुष्य मुलाला परदेशी धाडताना ‘किती हजार?’ एवढेच विचारतो, आणि त्याला रुपयाच्या दराने गुणून मोकळा होतो.

परदेशी नोकरीचे दोन प्रकार असतात. एकात मनुष्य मायदेशाच्या अटींवर जातो. घर, मुलांची फी, जाण्यायेण्याचे भाडे मालकाकडे. दुसऱ्यात तो ‘स्थानिक अटींवर’ लागतो. पहिल्या प्रकाराची ओळख हिंदुस्थानला जुनी आहे. १९२४ साली ली कमिशनने इथल्या गोऱ्या अधिकाऱ्यांचा समुद्रपार भत्ता वाढवावा आणि बायकामुलांसह विलायतेला जाण्यायेण्याचे भाडेही सरकारी तिजोरीतून द्यावे असे सुचवले. आपला मनुष्य बाहेर गेला की त्याच्या वाट्याला बहुधा दुसराच प्रकार येतो.

स्थानिक अटींना माझा विरोध नाही, हे आधीच सांगतो. एकाच कामाला शेजारी-शेजारी दोन दर असू नयेत. पण ‘स्थानिक’ म्हणजे पुरते स्थानिक हवे. अमिरातीत नागरिकाला निवृत्तिवेतन आहे. आपल्या माणसाला ती एकरकमी ग्रॅच्युइटी. उलट जर्मनीत नोकरीला लागलेल्या परकीयाचाही तिथल्याप्रमाणेच पेन्शन विमा उतरतो. वर्गणी पगाराच्या १८.६ टक्के, निम्मी मालकाची. शिवाय २०१७ पासून अमलात असलेल्या करारामुळे भारतातली विमा-वर्षे आणि तिथली वर्षे पेन्शनच्या पात्रतेसाठी एकत्र धरता येतात. शब्द एकच, ‘स्थानिक’. पण अर्थात केवढे अंतर!

आपले सरकार काय करते, असे कुणी म्हणेल. २०२० च्या सप्टेंबरात आखाती देशांत जाणाऱ्या कामगारांसाठी ठरवलेले किमान वेतन त्याने स्वतःच खाली आणले. महाग पडलो तर दुसऱ्या देशाचा मजूर जागा घेईल, ही भीती त्यामागे होती, आणि ती अगदी खोटी आहे असेही मी म्हणणार नाही. पण ओरड झाली आणि २०२१ मध्ये तो निर्णय मागे घ्यावा लागला. ओरडण्याचा उपयोग होतो तो असा.

आता काकांच्या मुलीची पाळी आहे. महाराष्ट्र शासनाने २०२४ साली जर्मनीच्या बाडेन-वुर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून आमच्या या नर्सबाई जर्मन घोकत आहेत. तिच्या वहीच्या शेवटच्या पानावर काकांनी स्वतःच्या हाताने प्रश्न लिहून दिले आहेत : मूळ वेतन किती? घरभाडे कुणाकडे? नोकरी मध्येच सुटली तर काय? पहिले दोन तिने जर्मनमध्ये करून घेतले आहेत. तिसऱ्यावर सध्या अडली आहे.