कारखाना कणगल्यात, गोळी गावात पोचते का?

2025 च्या जुलैमध्ये बेल्जियममधल्या गील या छोट्या शहरातलं एक गोदाम जगभर गाजलं. आत गर्भनिरोधक गोळ्या, इंजेक्शनं, कॉपर-टी आणि दंडात बसवायचे इम्प्लांट असा सुमारे 97 लाख डॉलरचा माल होता. मुदत संपलेली नव्हती. अमेरिकेच्या मदतीच्या पैशातून घेतलेला हा माल प्रामुख्याने आफ्रिकेतल्या देशांसाठी होता. पण अमेरिकेने यूएसएड ही मदतसंस्था गुंडाळली आणि माल जाळून टाकायचं ठरवलं. संयुक्त राष्ट्रांचा लोकसंख्या निधी आणि इतर काही संस्था तो उचलायला तयार होत्या, तरी त्यांना नकार मिळाला.

बेळगावात बसून ही बातमी वाचताना वाटतं, आपला काय संबंध? आपल्याकडे सरकारी दवाखान्यातली निरोधची पाकिटं आणि गोळ्या अमेरिकेच्या मदतीतून येत नाहीत. केंद्र सरकार त्या देशातच खरेदी करतं आणि राज्यांना फुकट पुरवतं. एवढंच काय, त्या बनवणारा एक कारखाना आपल्याच जिल्ह्यात आहे. निपाणी आणि संकेश्वरच्या मध्ये, महामार्गालगत, हुक्केरी तालुक्यातलं कणगला. केंद्र सरकारच्या हिंदुस्थान लेटेक्सचा, म्हणजे आताच्या एचएलएल लाइफकेअरचा हा कारखाना. पंचक्रोशीतल्या कितीतरी घरांची चूल त्याच्यावर चालते.

म्हणजे माल आहे, पैसा आहे, कारखानाही दारात आहे. तरीसुद्धा प्रश्न उरतोच. कणगल्याहून निघालेली गोळी खानापूरच्या जंगलपट्ट्यातल्या उपकेंद्रात, नेमक्या त्या बाईच्या हातात, नेमक्या त्या आठवड्यात पोचते का? गील आणि कणगला यांचा संबंध इथे येतो. माल तयार असणं आणि माल मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मधली वाट कोण सांभाळतो, यावर सगळं ठरतं.

एका टेबलाभोवती बसण्याची गोष्ट

योगायोग बघा, ज्या बेल्जियममध्ये हा माल अडकला, त्याच देशाच्या राजधानीत, ब्रुसेल्समध्ये, या प्रश्नावर काम करणाऱ्या जागतिक आघाडीचं सचिवालय आहे. रिप्रॉडक्टिव्ह हेल्थ सप्लाइज कोअलिशन हे तिचं नाव, स्थापना 2004 ची. सरकारं, देणगीदार, औषध कंपन्या आणि स्वयंसेवी संस्था तिच्यात सभासद आहेत. आघाडी स्वतः गोळ्या विकत नाही की वाटत नाही. तिचं काम चालतं ते कार्यगटांतून. एक गट पुरवठ्याची साखळी पाहतो, एक बाजार आणि किमती, एक निधी आणि पाठपुरावा.

हे ऐकायला नुसत्या बैठका वाटतात. पण यातलं एक काम समजून घेण्यासारखं आहे. या आघाडीभोवती तयार झालेल्या एका गटात पैसा देणारे, खरेदी करणारे आणि माल पोचवणारे दर महिन्याला एकत्र बसून साठ्याची यादी पाहत. कोणत्या देशात किती महिन्यांचा साठा शिल्लक आहे? कुठे संपत आलाय? कुठे जास्त होऊन मुदत संपायला लागलीय? मग एकाचं जहाज लवकर सोडायचं, दुसऱ्याची ऑर्डर पुढे ढकलायची, तिसऱ्याकडचा जादा माल चौथ्याकडे वळवायचा. नवा पैसा न आणता, आहे तोच माल योग्य जागी. पुढे हे काम एका सामायिक माहितीजाळ्यावर गेलं.

किमतींचंही तसंच. दंडात बसवायच्या इम्प्लांटची किंमत 2013 पर्यंत गरीब देशांना जड जात होती. मग काही सरकारं आणि गेट्स फाउंडेशनसारख्या संस्था एकत्र आल्या आणि कंपनीला हमी दिली की इतके नग नक्की उचलले जातील. बायर कंपनीचं जेडेल 18 डॉलरवरून साडेआठ डॉलरवर आलं. एकट्या खरेदीदाराला हा भाव मिळाला नसता.

आपल्याकडे हे आधीच घडलं होतं

हे सगळं गोऱ्यांचं शहाणपण आहे असं समजायचं कारण नाही. 1968 मध्ये भारत सरकारने निरोध बाजारात आणला तेव्हा तीन नगांची किंमत ठेवली 15 पैसे. आणि वाटप कुणाकडे दिलं? ब्रुक बाँड, लिप्टन, हिंदुस्थान लिव्हर, आयटीसी, टाटा ऑइल मिल्स, युनियन कार्बाइड या कंपन्यांकडे. चहा, साबण, सिगारेट आणि बॅटरीचे सेल जिथे जातात, तिथे निरोध जाईल, हा सरळ हिशेब. सरकारकडे माल होता, कंपन्यांकडे गावागावातल्या दुकानापर्यंतची वाट होती. दोघे एकत्र आले आणि पानपट्टीवर निरोध दिसू लागला.

नंतर 2011 पासून आशाताईंनी घरपोच साधनं द्यायची योजना आली. निरोधच्या तीन नगांना एक रुपया, गोळ्यांच्या एका पाकिटाला एक रुपया. 2017 मध्ये केंद्राने साठ्याची संगणकीय नोंद सुरू केली, जिच्यात दिल्लीच्या गोदामापासून आशाताईपर्यंतचा माल दिसावा अशी रचना आहे. त्याच सुमारास तीन महिन्यांतून एकदा घ्यायचं 'अंतरा' इंजेक्शन आणि आठवड्याची 'छाया' गोळी सरकारी दवाखान्यात आली. छाया म्हणजे लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने शोधलेलं, 'सहेली' या नावाने आधीपासून बाजारात असलेलं औषध. थोडक्यात, कागदावर रचना चांगली आहे.

मग 2024 च्या जूनमध्ये काय झालं? केंद्राच्या खरेदी संस्थेला गर्भनिरोधकं वेळेत घेता आली नाहीत, अशा बातम्या आल्या. आरोग्य मंत्रालयाने लगेच खुलासा केला की साठा पुरेसा आहे, बातम्या दिशाभूल करणाऱ्या आहेत. कोण खरं? गंमत अशी की दोन्ही बाजू एकाच वेळी खऱ्या असू शकतात. दिल्लीच्या हिशेबात साठा पुरेसा असतो आणि गावातल्या कपाटात तो नसतो. मधला हिशेब कुणी एकाने जोडलेला नसतो, एवढंच.

रिकामं कपाट 'मागणी नाही' असं सांगतं

या प्रश्नातली सगळ्यात फसवी गोष्ट इथे आहे, म्हणून जरा उदाहरण घेऊ. समजा, एका उपकेंद्रात महिन्याला 20 बायकांना छायाची पाकिटं लागतात. या महिन्यात आली 10. दहा बायका घेऊन गेल्या, दहा परत गेल्या. रजिस्टरमध्ये काय लिहिलं जातं? 'खर्च : 10'. परत गेलेल्या दहा जणींसाठी रजिस्टरात रकानाच नाही. पुढचा इंडेंट मागच्या खर्चावर निघतो, म्हणून पुन्हा दहाच मागितली जातात. तिसऱ्या महिन्यात काही बायका यायच्याच बंद होतात. खर्च येतो सहावर. आता वरचा साहेब म्हणतो, 'तुमच्याकडे मागणीच नाही हो.'

तुटवडा असा स्वतःलाच खरा ठरवतो. आणि जिची गोळी चुकली, ती पुढच्या वेळी दवाखान्यात येते ती नको असलेला गर्भ घेऊन, नाहीतर ऑपरेशनच्या रांगेत उभी राहायला.

2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभरातल्या विवाहित स्त्रियांपैकी सुमारे 38 टक्के जणींनी नसबंदी केलेली होती. कर्नाटकात हे प्रमाण निम्म्याहून जास्त आहे. पुरुष नसबंदी देशात 0.3 टक्के. गोळी 5 टक्क्यांच्या आसपास, इंजेक्शन 1 टक्क्याहूनही कमी. याचा एक अर्थ असा की आपल्या बायकांना ऑपरेशनच आवडतं. दुसरा अर्थ असा की जे साधन भरवशाने मिळतं, तेच लोक निवडतात. ऑपरेशन एकदा झालं की कपाट रिकामं असलं तरी बिघडत नाही. दुसरा अर्थ नुसता झटकून टाकण्यासारखा नाही.

सीमेवरची जास्तीची अडचण

आपल्या भागात यात आणखी एक गाठ आहे. राज्याची हद्द नकाशावर सरळ दिसते, पण सोयरीक तिला जुमानत नाही. गडहिंग्लज, आजरा, चंदगडच्या मुली बेळगाव, खानापूर, निपाणीत नांदायला येतात. इकडच्या तिकडे जातात. पहिलं बाळंतपण माहेरी. चंदगडच्या माणसाला तर कोल्हापूरपेक्षा बेळगाव जवळ.

आता अशी एक बाई डोळ्यांसमोर आणा. माहेरी गडहिंग्लज तालुक्यात बाळंत झाली. दीड महिन्याने तिथल्या दवाखान्यात तिने अंतराचं पहिलं इंजेक्शन घेतलं, कार्ड मिळालं. तिसऱ्या महिन्यात ती सासरी, हुक्केरी तालुक्यात. पुढचं इंजेक्शन ठरल्या तारखेच्या दोन आठवडे आधीपासून चार आठवडे नंतरपर्यंत घेता येतं. म्हणजे हातात जेमतेम दीड महिना. तिचं नाव महाराष्ट्राच्या नोंदीत, तिचा पुढचा डोस कर्नाटकाच्या साठ्यात मोजलेलाच नाही. कार्ड मराठीत, माहितीपत्रक कन्नडमध्ये. ती दोनदा हेलपाटा घालेल, तिसऱ्यांदा नाही.

ऊसतोड कामगारांचं याहून कठीण. दरवर्षी हंगामात महाराष्ट्रातल्या दुष्काळी भागातून हजारो जोडपी सीमाभागातल्या कारखान्यांवर येतात. चार-पाच महिने फडात, कोपीत राहतात. या काळात अंतराचा निदान एक डोस येतोच. त्यांची आशाताई गावी, आणि इथल्या आशाताईच्या यादीत त्या बायका नाहीत. दोन्हीकडच्या हिशेबात त्या नाहीतच.

इथे कार्यगट म्हणजे काय?

ब्रुसेल्सला जे जमलं त्याची छोटी आवृत्ती इथे करायला विमान लागत नाही. बेळगाव आणि कोल्हापूर जिल्ह्यांच्या आरोग्य अधिकाऱ्यांनी, सीमेलगतच्या तालुक्यांपुरता, महिन्यातून एकदा एक तास द्यायचा. टेबलावर एकच कागद : कोणत्या केंद्रात कुठलं साधन किती आठवड्यांचं शिल्लक आहे, आणि किती बायका रिकाम्या हाताने परत गेल्या. दुसरा आकडा पहिल्याइतकाच महत्त्वाचा. त्यासाठी रजिस्टरात एक रकाना वाढवायचा. खर्च शून्य.

त्या टेबलाशी कोण हवं? औषध भांडारचा माणूस, दोन्हीकडच्या एएनएम, आशाताई, साखर कारखान्याचा प्रतिनिधी आणि साधनं वापरणाऱ्या दोन बायका. अंतराचं कार्ड दोन्ही भाषांत छापायचं आणि दोन्हीकडे चालवायचं. इकडचा जादा साठा तिकडे देण्यासाठी वरची परवानगी आधीच घेऊन ठेवायची, दरवेळी बंगळुरू आणि मुंबईकडे तोंड करून बसायचं नाही. गर्भनिरोधकं दोन्ही राज्यांना केंद्राकडूनच येतात, तेव्हा 'आमचा माल' आणि 'तुमचा माल' हा वाद इथे तरी नको. सीमावाद कोर्टात आहे, तो तिथेच राहू दे.

पुरवठा म्हणजे फक्त गर्भनिरोधकंही नव्हेत. बाळंतपणातला रक्तस्राव थांबवणारं ऑक्सिटोसिन थंड ठेवावं लागतं. लोहाच्या गोळ्या, सलाइन, सगळं याच साखळीतून जातं. 2024 च्या नोव्हेंबरात बळ्ळारीच्या सरकारी रुग्णालयात बाळंतिणींचे मृत्यू झाले आणि सलाइनच्या दर्जावर राज्यभर प्रश्न उठले, ते आपण विसरलेलो नाही. माल नुसता पोचून भागत नाही, तो नीट असावा लागतो, हे बघायलाही कुणीतरी टेबलाशी हवंच.

दोन धोके

पहिला धोका असा की गट होईल आणि चहा-बिस्किटांची बैठक होऊन बसेल. निर्णयाचा अधिकार नसेल तर तसंच होणार. खुद्द गीलचं उदाहरण समोर आहे. इतक्या वर्षांच्या आघाड्या, गट, यादी, सगळं असूनही एका सरकारने मनात आणलं आणि माल अडकला. कार्यगट राजकीय इच्छेची जागा घेऊ शकत नाही. पण इच्छा असलीच, तर ती वाया जाऊ नये एवढं तो नक्की करू शकतो.

दुसरा धोका जुना आहे. आणीबाणीत नसबंदीच्या उद्दिष्टांनी काय केलं, हे आपल्या घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा. 1996 मध्ये सरकारने ती उद्दिष्टं सोडून दिली. नव्या गटाने 'किती बायकांना अंतरा दिलं' हे मोजायला सुरुवात केली, तर पुन्हा त्याच वाटेने जाऊ. मोजायचं ते एवढंच : बाई आली तेव्हा तिला हवं ते साधन कपाटात होतं का? घ्यायचं की नाही, हे तिचं तिने ठरवावं.

कणगल्याच्या कारखान्यातून गाड्या रोज महामार्गाला लागतात. त्यांतलं एक पाकीट आपल्याच तालुक्यातल्या उपकेंद्रात वेळेवर पोचावं, ही काही फार मोठी मागणी नाही. पुढच्या वेळी जिल्हा पंचायतीच्या बैठकीत रस्ते आणि गटारींच्या नंतर कुणीतरी हा प्रश्न विचारायला हवा : आमच्या केंद्रातून या महिन्यात किती जणी रिकाम्या हाताने परत गेल्या? आकडा सांगता आला नाही, तर कामाला तिथूनच सुरुवात करावी.