समुद्रात लोखंड टाकण्यापूर्वी

गोव्यात डिचोली-साखळीच्या खाणींत दिसणारा तांबडा-करडा, पट्ट्यापट्ट्यांचा खडक मुळात समुद्राचा गाळ आहे. गडचिरोलीतील सुरजागडचा दगडही त्याच जातीचा. हा गाळ साचला तेव्हा हवेत मोकळा प्राणवायू जवळजवळ नव्हता. समुद्रतळाच्या उष्ण झऱ्यांतून येणारे लोखंड पाण्यात मिठासारखे विरघळून राहत असे. आरंभीच्या सूक्ष्मजीवांनी हाताशी असलेले हे लोखंडच आपल्या विकरांत वापरले.

पुढे सायनोबॅक्टेरिया हे निळसर-हिरवे जीवाणू सूर्यप्रकाशात पाण्याचे विघटन करून प्राणवायू सोडू लागले. त्याच्या संपर्कात आलेले लोखंड गंजून तळाशी बसले. आपले पोलाद बऱ्याच अंशी त्या गंजातूनच येते. सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी हवेत प्राणवायू साठू लागला. खोल समुद्रात तो पोहोचायला त्यानंतर आणखी शंभर कोटींहून अधिक वर्षे लागली. या बदलाची किंमत जीवसृष्टीनेच मोजली. हवेतील नायट्रोजन पकडणाऱ्या विकराला लोखंड भरपूर लागते आणि प्राणवायू तर त्याला निकामीच करतो. तरीही हे विकर आजतागायत बदललेले नाही. जीवांनी समुद्र बदलला, पण स्वतःची जुनी गरज त्यांना बदलता आली नाही.

म्हणूनच दक्षिण महासागरात इतर पोषकद्रव्ये मुबलक असूनही वनस्पती-प्लवक लोखंडावाचून अडते. मग तिथे लोखंड टाकावे, प्लवक वाढवावे आणि हवेतील कार्बन तळाशी गाडावा, ही कल्पना १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून चर्चेत आहे. कार्बन क्रेडिटच्या बाजारामुळे तिला अधूनमधून नवे पंख फुटतात.

आपल्याकडे याचा अनुभव आहे. २००९ साली गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने जर्मनीच्या आल्फ्रेड वेगेनर संस्थेसह 'लोहाफेक्स' हा प्रयोग केला. 'पोलारस्टर्न' जहाजावरून सुमारे ३०० चौरस किलोमीटर पाण्यात लोखंड मिसळले गेले. प्लवक वाढलेही. पण त्या पाण्यात सिलिका कमी असल्याने जड कवचाचे डायटम फोफावले नाहीत, आणि जे प्लवक वाढले त्यावर बारीक कवचधारी प्राण्यांनी ताव मारला. तळाकडे गेलेला कार्बन नगण्य होता. प्रयोग फसला असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. एक घटक वाढवला की समुद्र ठरल्याप्रमाणे उत्तर देईल हा भ्रम त्याने मोडला, हेच त्याचे मोल.

लंडन कराराच्या सदस्य देशांनी २००८ मध्ये संशोधनाव्यतिरिक्त असे खतपाणी करू नये असा ठराव केला, पण तो बंधनकारक नाही. बंधनकारक ठरणारी २०१३ची दुरुस्ती दशक उलटल्यावरही लागू झाली नव्हती. लोहाफेक्सची मोजमापे ज्या देशाच्या हाती आहेत, त्या भारताने या दुरुस्तीसाठी आग्रह धरायला हवा. तोवर समुद्रात लोखंड टाकून मिळवलेले कार्बन क्रेडिट कोणत्याही सरकारी हिशेबात धरले जाऊ नये.