नाव घेतले, देणे टाकले

बुडत्या कारखान्याचे नाव विकत घेणे म्हणजे त्याचा उद्धार, हे आम्हांस मान्य नाही. डिसेंबर २००० मध्ये अमेरिकेतील आउटबोर्ड मरीन कॉर्पोरेशनचे दिवाळे निघाले. हजारो कामगार घरी बसले. २००१ साली तिचा 'स्ट्रॅटोस' हा हौशी मासेमारीच्या नौकांचा छाप जेनमार या नौकाबांधणी कंपनीने घेतला. दिवाळखोरीतील अशा विक्रीत कायदा खरेदीदारास जुन्या देण्यांतून बहुधा मोकळे करतो. त्यावाचून गिऱ्हाईक मिळत नाही, हे आम्ही वकिलीत जाणतो. पण वडिलांचे कर्ज नाकारून देव्हारा तेवढा उचलणाऱ्यास आपण काय म्हणतो? नाव घेणाऱ्याने त्या नावावर विकलेल्या नौकांची हमी तरी पाळावी! २००९ मध्ये जेनमारचेही दिवाळे वाजले. स्ट्रॅटोस पुन्हा विक्रीस निघाला.