जमीन देताना वेळापत्रकही मागा

शेतकरी बंधूंनो, उरणकडच्या एखाद्या म्हाताऱ्याला विचारून बघा, ‘रेल्वे येणार, रेल्वे येणार’ हे त्यानं किती वर्षं ऐकलं. बेलापूर-नेरुळ ते उरण हा जेमतेम २७ किलोमीटरचा मार्ग. मंजुरी १९९० च्या दशकातली. पहिली गाडी सुटली ११ नोव्हेंबर २०१८ ला, आणि तीही खारकोपरपर्यंतच. उरणला गाडी पोचायला १२ जानेवारी २०२४ उजाडला. मंजुरीच्या वेळी पाळण्यात असलेलं पोर तोवर लेकराचा बाप झालं होतं.

बेलापूर ते पेंधर मेट्रोचंही तसंच. अंतर ११ किलोमीटर, स्थानकं ११. भूमिपूजन १ मे २०११ ला, प्रवासी बसले १७ नोव्हेंबर २०२३ ला. म्हणजे साडेबारा वर्षं! साडेबारा हा आकडा आपल्याला जमिनीच्या टक्क्यांमुळे पाठ आहे. इथं तो वाट बघण्याचा आकडा झाला.

कुणी म्हणेल, उशीर झाला तर झाला, गाडी आली ना? पण या गाडीचा खर्च कुणी केला ते बघा. १९९२ साली खाडी ओलांडून वाशीला लोकल आली, तेव्हा खर्चाचा दोन तृतीयांश वाटा सिडकोनं उचलला. उरण मार्गालाही तीच वाटणी. सिडकोची मुख्य कमाई जमीन विकून. ती जमीन कुणाची? ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या ९५ गावांची. म्हणजे रेल्वे नुसती तुमच्या शिवारातून धावत नाही, ती तुमच्या शिवाराच्या पैशातून बांधली गेली. तेव्हा उशिराचा जाब विचारायचा पहिला हक्क तुमचाच.

आता उशीर होतो कसा, ते बघू. आज नवी मुंबईच्या व्यवस्थापन महाविद्यालयांत प्राध्यापक मंडळी ‘प्रकल्प व्यवस्थापन’ शिकवतात. नाव मोठं आहे, पण मूळ गोष्ट भातशेती करणाऱ्याला ठाऊक असते. आवणीसाठी रोपं तयार हवीत, बांध धरलेला हवा, चिखलणी झालेली हवी, माणसं हवीत. बांधाचं काम चार दिवस मागंपुढं झालं तर बिघडत नाही. पण पेरच लांबली तर रोप लांबलं, रोप लांबलं तर आवणी लांबली आणि कापणीही लांबली. जे एक काम लांबलं की सगळंच लांबतं, त्यावर डोळा ठेवायचा. १९५० च्या दशकात अमेरिकेत याचंच शास्त्र झालं. सगळी कामं कागदावर मांडायची, कुठलं कशावर अडलंय ते रेघेनं जोडायचं आणि सगळ्यात लांब साखळी शोधायची.

आपल्याकडच्या रेल्वेची, रस्त्याची ती साखळी सुरू होते जमिनीपासून. पूल उभे राहतात, स्थानकं रंगवून होतात, डबे येतात. पण मधल्या तुकड्याची जमीन किंवा वनखात्याची परवानगी राहिली की सगळं ठप्प. मग साहेब लोक म्हणतात, ‘शेतकऱ्यांनी काम अडवलं.’ हे मला मान्य नाही. जमीन लागणार हे पहिल्या दिवशी माहीत नव्हतं का? १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला जासईच्या परिसरात गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या त्या लढ्यातून पुढं साडेबारा टक्क्यांची योजना आली. एवढं घडूनही मोबदला आणि पुनर्वसन कागदावर शेवटी टाकलं जातं. ते नुसतं खर्चाचं कलम नव्हे, वेळापत्रकातलं पहिलं काम आहे. ते आधी उरका, बाकीची कामं आपोआप पुढं सरकतील.

दुसरी गोष्ट, काम कुणासाठी? १२ जानेवारी २०२४ ला एकाच दिवशी दोन उद्घाटनं झाली. एक उरणच्या रेल्वेचं, दुसरं अटल सेतूचं. सेतू देखणा आहे, पण त्यावर तुमची मोटारसायकल, रिक्षा, ट्रॅक्टर चालत नाही. लोकलमध्ये मात्र थोड्या रुपयांत कुणीही चढतो. ‘शाश्वत वाहतूक’ म्हणतात ती हीच. कमी इंधनात, कमी जमिनीत जास्त माणसं न्यायची आणि भाडं गरिबाला परवडेल असं ठेवायचं. पण स्थानक गावापासून दोन कोस आणि मधे एसटी नाही, तर तिचा उपयोग काय? भाजीची टोपली घेऊन निघालेल्या बाईला वाट नसेल, तर प्रकल्प अर्धाच झाला म्हणायचा.

सरपंच, सदस्य आणि ग्रामपंचायतीचे अधिकारी यांना म्हणून विनंती आहे. नैना आहे, विरार-अलिबाग मार्गिका आहे, मोजणीचे खुंटे आज ना उद्या शिवारात येतील. त्या दिवशी नुसता भाव विचारू नका. ग्रामसभेत चार प्रश्न लेखी मांडा. मोबदला आणि भूखंड कुठल्या तारखेला हातात? कुठली परवानगी बाकी आहे? पावसाचं पाणी आणि गुरं पलीकडं जायला मोऱ्या कुठं? आणि गावापासून स्थानकापर्यंत बस कोण चालवणार?

२०१३ च्या भूसंपादन कायद्यात सामाजिक परिणामांची पाहणी पंचायतीशी सल्लामसलत करून करायची आणि तिचा अहवाल स्थानिक भाषेत पंचायतीला द्यायचा, अशी तरतूद आहे. काही प्रकल्पांना त्यातून सूट मिळते, म्हणून आपल्या गावच्या प्रकल्पाला ती लागू आहे का, हे प्रांत कार्यालयात आधी विचारा. उत्तर तोंडी घेऊ नका. मिळालेल्या तारखा चावडीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लावा आणि दर ग्रामसभेला वाचा. तारीख चुकली तर कारण लेखी मागा. पाऊस लांबला तर आवणी लांबते हे आपल्याला कळतं. पण का लांबलं हे सांगायला कुणी बांधावर येतच नसेल, तर ते कसं चालेल?

जमीन एकदाच जाते. ती देताना भावाबरोबर तारखाही लिहून घ्या.