घर आणि कायदा : पुतण्यास घर देतांना

एका वयोवृद्ध वाचकांचें पत्र या महिन्यांत आमच्यापुढें आहे. पत्नी निवर्तली, मूल झालें नाहीं. धाकट्या बंधूंच्या मुलास त्यांनीं लहानाचें मोठें केलें. पुण्यांतील आपलें स्वकष्टार्जित घर हयातींतच बक्षीसपत्रानें त्याच्या नांवें करावें, अशी त्यांची इच्छा आहे. ‘मुलाच्या डोक्यावर कराचा बोजा तर बसणार नाहीं ना?’ एवढेंच त्यांनीं विचारलें आहे. प्रश्न लहान दिसतो. परंतु त्याचें उत्तर एका वाक्यांत देणें योग्य होणार नाहीं.

प्रथम प्राप्तिकर. पूर्वीं बक्षीस देणाऱ्यावर दानकर बसे. १९५८ च्या कायद्याचा तो कर १ ऑक्टोबर १९९८ पासून उठला. आतां प्रश्न घेणाऱ्याचा आहे. मुद्रांकासाठीं ठरणारें मोल ५० हजार रुपयांहून अधिक असलेली स्थावर मिळकत कोणास फुकट मिळाली, तर तें सारें मोल त्याचें उत्पन्न समजलें जातें. मात्र ती नातेवाइकाकडून मिळाल्यास नाहीं. नातेवाईक कोण, हें कायद्यानेंच गणून दिलें आहे, आणि नातें पाहावयाचें तें घेणाऱ्याच्या बाजूनें. आईबापांचीं भावंडें त्या यादींत आहेत. म्हणून काकांनीं पुतण्यास दिलेलें घर करमुक्त. परंतु भावंडांचीं मुलें यादींत नाहींत. उद्यां पुतण्यानें काकांस घर दिलें, तर काकांस कर भरावा लागेल! चुलत व मामेभावंडांसही ही सूट नाहीं. २०२५ सालीं प्राप्तिकराचा नवा कायदा झाला. त्यांतही ही व्यवस्था कायम आहे.

दुसरी गोष्ट मुद्रांकशुल्काची. येथें यादी निराळी आहे. महाराष्ट्रांत निवासाचें घर किंवा शेतजमीन पति, पत्नी, मुलगा, मुलगी, नातवंडें वा दिवंगत मुलाची पत्नी यांस दिल्यास शुल्क अवघें २०० रुपये, स्थानिक अधिभार वेगळा. भावाबहिणीस दिल्यास ३ टक्के. पुतण्या यांपैकीं कोणांतच बसत नाहीं. त्याच्यासाठीं खरेदीखताच्या दरानेंच शुल्क भरावें लागेल. म्हणजे जो प्राप्तिकरास आप्त, तोच मुद्रांकास परका!

तिसरी गोष्ट, पुढें पुतण्यानें घर विकलें तर? नफा मोजतांना खरेदीची किंमत शून्य धरीत नाहींत, तसाच बक्षिसाच्या दिवसाचा बाजारभावही धरीत नाहींत. काकांनीं मूळ मोजलेली किंमत धरतात, व काकांच्या मालकीचीं वर्षेंही पुतण्याच्या हिशेबांत येतात. घर १ एप्रिल २००१ पूर्वींचें असल्यास त्या दिवसाचें मोल धरण्याची मुभा आहे. यासाठीं जुनें खरेदीखत व पावत्या जपून त्याच्या स्वाधीन कराव्या.

इतर वाचकांसाठीं दोन सूचना. पत्नीस किंवा सुनेस घर बक्षीस दिल्यास तिला कर नाहीं. पण त्या घराचें भाडें देणाऱ्याच्याच उत्पन्नांत मिळवितात. आणि मिळकत एकत्र कुटुंबाची वडिलोपार्जित असेल, तर धर्मकृत्यार्थ अल्पसा भाग वगळतां कर्त्यास ती आपल्या मर्जीनें बक्षीस देतां येत नाहीं.

आतां मुख्य गोष्ट. नोंदविलेलें व स्वीकारलेलें बक्षीसपत्र केवळ मन बदललें म्हणून परत घेतां येत नाहीं. पुतण्याच्या गुणांविषयीं आम्हांस शंका नाहीं. पण त्याच्या धंद्यांत खोट येऊं शकते, घरावर कर्ज होऊं शकतें, आणि आयुष्याचा भरंवसा तरुणासही नाहीं. मृत्युपत्रानें मिळालेलें घरही घेणाऱ्यास करमुक्तच असतें, मृत्युपत्रास मुद्रांकशुल्क लागत नाहीं, व जिवांत जीव असेतों तें बदलतां येतें. तरीही आजच द्यावयाचें असेल, तर आपला सांभाळ करण्याची अट दस्तांत स्पष्ट लिहवून घ्यावी. ती मोडल्यास ज्येष्ठ नागरिकांसाठीं झालेल्या २००७ च्या कायद्याखालीं न्यायाधिकरणाकडे दाद मागतां येते.

आमचा सल्ला असा कीं, आपण दोन साक्षीदारांसमक्ष मृत्युपत्र करावें, तें नोंदवून ठेवावें, आणि पुतण्यास आजपासूनच त्या घरांत आपल्याजवळ राहावयास बोलवावें.