दान नव्हे, देणे

मराठवाड्यावर आपत्ती कोसळली म्हणजे आपल्या सुशिक्षित वर्गाच्या अंतःकरणास पाझर फुटतो, हे आम्ही नाकारीत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या परिसरात हजारो माणसे दगडमातीच्या भिंतींखाली गाडली गेली, तेव्हा साऱ्या देशातून धान्य, कपडे व पैसा लातुराकडे धावला. २०२५ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात अतिवृष्टीने नांदेड-लातुरातील उभे सोयाबीन कुजविले, तेव्हाही वर्गण्या जमल्या. परंतु दया आली म्हणजे न्याय झाला, असे मानणाऱ्यांशी आमचा वाद आहे.

शेत बुडाले म्हणजे बुडतो कोण? सरकारी कागद म्हणतो, सातबारावर ज्याचे नाव असेल तो. त्या आपत्तीत कोरडवाहू पिकास निकषाप्रमाणे हेक्टरी ८,५०० रुपये ठरले. राज्याने रब्बीसाठी हेक्टरी १०,००० ची भर घातली. म्हणजे दोन हेक्टरांच्या धन्यास ३७,००० रुपये. वर्षभर पुरवावयाचे तर महिन्यास सुमारे ३,०००! ही झाली धन्याची गोष्ट. ज्याला सातबाराच नाही, त्याचे काय?

वाचकांनी असे एक कुटुंब डोळ्यांपुढे आणावे. नवरा दुसऱ्याचे रान तोंडी बोलीवर बटाईने करतो. बायको खुरपणी-काढणीच्या मजुरीस जाते. बी-खताचा निम्मा खर्च त्याचा, पंचनामा मात्र मालकाच्या नावे. काढणीच उरली नाही, तेव्हा तिची मजुरीही गेली. पीक सडताना दिसते, मजुरी सडताना दिसत नाही. म्हणून तिचा पंचनामा होत नाही. मग मुकादमाची उचल घ्यावयाची, मुलाचे नाव शाळेत ठेवून मूल मात्र फडावर न्यावयाचे. आपल्यापैकी कोणाचा पगार कधी पावसात वाहून गेला आहे काय?

कोणी म्हणतील, मजुरीचा हिशेब ठेवणार कोण? आमचे उत्तर असे की, तो याच राज्याने ठेवून दाखविला आहे. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांची रोजगार हमीची कल्पना राज्यभर कसास लागली व १९७७ साली तिचा कायदा झाला. मागेल त्याला काम हे दान नसून देणे आहे, हे तत्त्व त्या कायद्याने मान्य केले. दुष्काळात जे देणे ठरले, ते महापुरात दान कसे होते?

सबब आमची मागणी दुहेरी आहे. प्रत्येक पंचनाम्यात बटाईदार व शेतमजूर यांची नावे ग्रामसभेपुढे नोंदली जावीत. आणि पाणी ओसरताच गाळ काढणे, बांध घालणे, खरडलेली रानें दुरुस्त करणे ही कामे रोख मजुरीवर सुरू व्हावीत. रानाला हात हवे आहेत आणि हातांना काम हवे आहे. मध्ये उभा आहे तो केवळ एक कागद. तो बदलण्यास तिजोरीपेक्षा न्यायबुद्धीच अधिक लागेल. वर्गणी देऊन झोपी जाणाऱ्या आपल्या वर्गाने आता ती मागावयास शिकावे.